जीपच्या टपावरची सासनकाठी

आश्विन शुद्ध नवमी म्हणजे खंडेनवमी. घटस्थापनेपासून देव्हाऱ्यात तेवत असलेल्या नंदादीपासमोर या दिवशी घरोघरची आयुधे मांडली जातात. पूर्वी तलवार, ढाल, भाला मांडीत. आज शेतकऱ्याघरी विळा-कोयता असतो, सुताराघरी रंधा, विद्यार्थ्याघरी पाटी-पुस्तक. ज्या साधनाने आपला चरितार्थ चालतो आणि संकटसमयी ज्याच्यावर आपण विसंबतो, त्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, एवढा सरळ भाव या पूजेमागे आहे. आयुध कोणते असावे, याची यादी आपल्या पूर्वजांनी कायमची बंद करून ठेवलेली नाही. म्हणूनच ट्रॅक्टर आणि छपाईयंत्र यांनाही झेंडूची माळ मिळते.

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पैंजण, जोडवी, करदोडे, कंबरपट्टे येथून देशभर जातात. येथे चांदीकाम मोठ्या कारखान्यांपेक्षा घराच्या सोप्यातच अधिक चालते. एका घरी तार ओढतात, दुसऱ्या घरी कड्या जुळवतात, तिसऱ्या घरी डाग देतात, असे एक पैंजण चार उंबरे ओलांडून पुरे होते. अशा गावची खंडेनवमी पाहण्यासारखी असते. पाटावर ऐरण, हातोडी, चिमटे, मूस, ताजवा आणि तार ओढण्याची जंत्री ओळीने ठेवलेली. वर्षभर काजळीने काळवंडलेली ही हत्यारे त्या दिवशी घासूनपुसून लख्ख केलेली असतात.

अशाच एका घरी आम्ही नवरात्राच्या आठव्या माळेला गेलो होतो. अंगणात पत्र्याच्या टपाची एक जुनी जीप उभी होती. टपावर चिकटपट्टीची फुली मारलेली होती आणि तिच्याभोवती घरातली माणसे दोन पक्ष करून उभी होती. एका बाजूला घरचा नातू. दुसऱ्या बाजूला ऐंशी ओलांडलेल्या आजी. आणि मध्ये, कोणाची बाजू घ्यावी ते न ठरलेले थोरले काका, हातात ड्रिल घेऊन.

प्रश्न असा होता की नातवाला टपाच्या बरोबर मध्यभागी भोक पाडून बिनतारी यंत्राची एरियल बसवायची होती.

आजींचे म्हणणे आम्हाला मुळीच चुकीचे वाटले नाही. जीप आजोबांनी घेतलेली. ते आज हयात नाहीत. चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या यात्रेसाठी घरची सासनकाठी याच टपावर बांधून वाडी रत्नागिरीला नेतात. "आरं, देवाच्या काठीला टेकू देणारा टप त्यो. त्याला भोक पाडायचं? पावसाचं पानी आत आलं की गंजून जाईल समदं," असे त्या म्हणत होत्या. घरात वाहनाकडे केवळ पत्रा आणि चाके म्हणून न पाहणारी पिढी अजून आहे, याचा आम्हाला आनंदच वाटला.

मात्र नातवाचीही बाजू पोरकट हौसेची नव्हती. ती समजण्यासाठी २०१९ च्या श्रावणात जावे लागेल.

न आलेली आत्या

त्या वर्षी नागपंचमी ५ ऑगस्टला होती. लेकीबाळींनी माहेरी यावे, नागोबाला दूध-लाह्या वाहाव्या, झोके घ्यावे, असा हा सण. या घरची लेक, म्हणजे नातवाची आत्या, शिरोळ तालुक्यातील एका गावी दिलेली. हुपरीहून ते गाव सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर असेल. ती आली नाही. येणार कशी? कृष्णा-पंचगंगेने दोन्ही काठ सोडले होते. नृसिंहवाडीला दत्तमहाराजांच्या पादुकांवरून पाणी वाहणे हा भाविकांना पर्वणीचा सोहळा वाटतो. परंतु त्या वर्षी पाणी सोहळ्याची मर्यादा ओलांडून घराघरांत शिरले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरतात. त्या आठवड्यात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला.

पाण्याइतकाच घोर लागला तो निःशब्दतेचा. वीज गेली, भ्रमणध्वनीचे मनोरे एकामागून एक गप्प झाले, आणि जे चालू होते त्यांच्यावर पोहोचण्याइतका भार घरच्या फोनमध्ये उरला नाही. चार दिवस आत्या कोठे आहे, जिवंत आहे की नाही, हे या घराला कळले नाही. पाचव्या दिवशी एका छावणीतून परक्या माणसाच्या फोनवरून तिचा आवाज आला. आजी त्या चार दिवसांबद्दल अजूनही बोलत नाहीत. देव्हाऱ्यापुढचा दिवा त्यांनी त्या चार रात्री विझू दिला नव्हता, एवढे मात्र थोरल्या काकांनी आम्हाला हळूच सांगितले.

नातू तेव्हा शाळेत होता. पुढे त्याच्या वाचनात आले की अशा वेळी हौशी बिनतारी चालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, ते आपली यंत्रे घेऊन निघतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आमच्या पिढीला आठवते. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने ती जमीनदोस्त केली. तेथे आणि २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर भूज येथेही तारा तुटलेल्या असताना या मंडळींनी निरोप पोहोचवले. या यंत्राला मनोरा लागत नाही. एका टोकाचे यंत्र दुसऱ्या टोकाच्या यंत्राशी थेट बोलते. वाहनात ते बसवले की वाहनाच्या विजेवर चालते आणि जेथे गरज तेथे नेता येते.

चालत्या वाहनातून दुतर्फा संभाषण ही काही कालची गोष्ट नव्हे. अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गाड्यांत यंत्रे बसवली, पण ती केवळ ऐकण्याची. बोलणे आणि ऐकणे दोन्ही साधले ते १९३३ मध्ये, न्यू जर्सीतील बेयॉन गावी. आपल्याकडे आषाढीला पंढरपुरात पोलिसांच्या गाडीवर हलणारी काठी वारकऱ्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. संजयाने धृतराष्ट्राला युद्ध सांगितले ते अशाच यंत्राने, असे म्हणणाऱ्यांच्या वाटेला आम्ही जात नाही. व्यासांनी दिलेली दिव्यदृष्टी आम्हाला पुरेशी आहे.

हे यंत्र कोणीही उचलून वापरावे असे मात्र नाही. केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळवावा लागतो, आणि 'व्हीयू'ने सुरू होणारे स्वतःचे संकेतनाव घ्यावे लागते. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. या लहरींवर धंद्याची बोलणी करण्यास मनाई आहे. चांदीचा आजचा भाव काय, एवढेही विचारता येत नाही. हुपरीत हा नियम पाळणे म्हणजे एकादशीला खिचडीही न खाण्यासारखे आहे, असे काका हसत म्हणाले.

मध्यच का?

भोक मध्यभागीच का, कडेला का नाही, किंवा भोकच का, असे आम्हीही विचारले.

नातवाने आधी लोहचुंबकाच्या पायाची एरियल वापरून पाहिली होती. ती टपावर नुसती ठेवायची, भोक लागत नाही. दोन महिने बरी चालली. मग रस्त्याकडेच्या बाभळीची फांदी लागून ती आडवी झाली आणि तार दारात चेमटली. चुंबकाखाली धुळीचे कण अडकून टपाचा रंगही खरवडला गेला. भोक न पाडताच गंजाला वाट मिळाली, हे त्याने आजींना टपावर बोट ठेवून दाखवले.

मध्याचे कारण अधिक सूक्ष्म आहे. या मंडळींना आपल्या देशात १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा वापरता येतो. त्या लहरीची लांबी सुमारे दोन मीटर भरते. तिचा चौथा भाग म्हणजे अर्ध्या मीटरच्या आसपास, तेवढीच ही पोलादी काठी. ही काठी म्हणजे अर्धीच एरियल असते. उरलेला अर्धा भाग टपाचा पत्रा पुरवतो. तळ्याकाठी उभ्या दीपमाळेचे प्रतिबिंब पाण्यात दिसावे आणि दोन्ही मिळून ती दुप्पट उंच वाटावी, तशी ही काठी पत्र्यात आपले प्रतिबिंब शोधते. चारही बाजूंना सारखा पत्रा असेल तर आवाज चारही दिशांना सारखा जातो. काठी कोपऱ्यात लावली तर ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला ओढा वाढतो आणि दुसरी बाजू उपाशी राहते. ज्या जीपला ताडपत्रीचा टप असतो तिच्यावर ही काठी तशीच उभी केल्यास काही उपयोग नाही. तेथे आधी पत्र्याचा तुकडा घालावा लागतो. हातातले छोटे यंत्र गाडीत बसून वापरले तर काय होते, असे आम्ही विचारले. चारही बाजूंचा पत्रा आवाज कोंडून धरतो, फक्त काचांतून काय निसटेल तेवढेच बाहेर जाते, असे उत्तर मिळाले.

एवढे ऐकून आजी काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एकच विचारले, "आणि सासनकाठी कुठं बांधायची?"

आम्हाला वाटले, येथे सारे अडणार. पण नातवाने खिशातून पितळी बूड काढून दाखवले. टपावर कायम राहते ते एवढेच, दोन बोटे उंचीचे. काठी त्यात पेच फिरवून बसते आणि फिरवूनच निघते. यात्रेच्या दिवशी ती काढून बुडावर रबरी टोपी घालायची, आणि सासनकाठी दोन हात बाजूला सरकवून बांधायची.

आजींनी बूड हातात घेऊन उलटसुलट पाहिले. "नथ घालायची तर नाक टोचावंच लागतंय," त्या म्हणाल्या. आणि थोरल्या काकांकडे वळून, "तूच टोच. पोराच्या हातात दिऊ नगंस."

कान सोनारानेच टोचावे, असे आपण म्हणतो. काका जातीने सोनार नसले तरी हात पन्नास वर्षांच्या चांदीकामाचा आहे. ते कसे कामाला लागले ते सांगण्याजोगे आहे, कारण घाईने टोचलेला टप पुन्हा बुजत नाही.

प्रथम त्यांनी आतला दिवा उतरवून टपाच्या अस्तराखाली हात घातला आणि पत्र्याच्या खालून जाणाऱ्या आडव्या पट्ट्या कोठे आहेत ते चाचपले. चिकटपट्टीची फुली बरोबर पट्टीवर येत होती. ती चार बोटे मागे सरकवावी लागली. मग टोकदार पंचाने एक खूण, त्यावर बारीक ड्रिल, आणि नंतर एकोणीस मिलिमीटरचे गोल दात्यांचे पाते. पाते पत्रा कापून खाली जाऊ नये, अस्तर फाटू नये, म्हणून काकांनी आधी तळाशी एक लाकडी ठोकळा धरायला नातवाला आत बसवले. निघालेला पत्र्याचा गोल तुकडा त्यांनी खिशात टाकला. चांदीकामात कणही वाया घालवायचा नसतो, ती सवय.

यानंतरचे काम आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटले. भोकाच्या कडा कानसीने गुळगुळीत करून उघड्या लोखंडावर गंजरोधक रंगाचा हात दिला. मात्र खालच्या बाजूला जेथे बुडाचे दाते पत्र्याला चावा घेतात तेथील रंग मुद्दाम खरवडून धातू उघडा केला, आणि रंगाचा हात तेथे लागू दिला नाही. तेथे रंग राहिला तर काठी आणि पत्रा यांची सोयरीक जुळत नाही आणि एरियल अर्धीच राहते. वरून रबरी कडे बसवून बूड आवळले, तेही बेताने. जोराने आवळले की रबर चेपून बाहेर येते आणि पहिल्याच वळवाला गळती लागते.

तेथून तार अस्तराखालून, दाराच्या खांबातून, पायाखालच्या सतरंजीखालून यंत्रापर्यंत गेली. ही तार साधी नसते. मधोमध तांब्याची दोरी, तिच्याभोवती प्लास्टिकचे आवरण आणि त्याभोवती पुन्हा तांब्याची जाळी. ती काटकोनात मोडायची नाही आणि खिळ्याखाली चेमटायची नाही. ज्यांच्याकडे नव्या धर्तीची गाडी आहे त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. खांबांत आणि छताच्या कडेला अपघातात फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या दडवलेल्या असतात. त्यांच्या आड तार आली तर जीव वाचवणारे साधनच अडेल. अशा गाडीचे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. यंत्राची वीज थेट बॅटरीवरून घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला. यंत्रापाशी फ्यूज घालून मधली सारी तार उघड्यावर सोडणे म्हणजे दाराला कुलूप आणि खिडकी सताड, असे नातू म्हणाला.

चांदीचे काम

एका गोष्टीत मात्र काकांनी नातवाचे ऐकले नाही. तारेच्या टोकाला लागणारा पितळी जोड बाजारातून आला होता, त्यावर निकेलचा मुलामा होता. काकांनी तो काढून त्यावर स्वतः चांदीचा मुलामा चढवला. आम्हाला ती निव्वळ गावची हौस वाटली. नातवाने मात्र त्यामागचे शास्त्र सांगितले. वीज वाहून नेण्यात सर्व धातूंत चांदी पहिली, तांबे तिच्या थोडे मागे. आणि इतक्या वेगाने कंप पावणारी वीज धातूच्या गाभ्यातून जातच नाही, फक्त पृष्ठभागावरून सरकते. किती जाडीतून? मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या पाच-सहा पट, एवढ्याच पापुद्र्यातून. म्हणजे सगळा खेळ मुलाम्याचा. म्हणून चांगल्या बिनतारी यंत्रांतील वेटोळ्यांना आणि जोडांना चांदी चढवतात. एका जोडाने फार मोठा फरक पडत नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. काकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. ज्या घराने जन्मभर लेकीसुनांच्या पायांसाठी चांदी घडवली, त्या घरची चांदी आता लेकीपर्यंत आवाज नेणार होती, एवढे त्यांना पुरे होते.

अखेरचे काम मापाचे. काठी बसवली म्हणजे झाले नाही. तिची लांबी लहरीशी जुळावी लागते. न जुळल्यास यंत्राने पाठवलेली शक्ती काठीवरून परत फिरते आणि यंत्रालाच तापवते. काठी न लावता बोलण्याची कळ दाबली तर यंत्र कायमचे निकामी होऊ शकते. परत येणारी शक्ती मोजण्याचे एक छोटे यंत्र मध्ये जोडतात. आकडा एकास एक आला तर उत्तम, एकास दीड चालतो, एकास दोनच्या पुढे गेला तर हात आवरावा. नातवाच्या काठीचा पहिला आकडा एकास अडीच आला. काठी लांब होती. काका कापायला निघाले तर नातवाने त्यांचा हात धरला. एका वेळी दोन मिलिमीटर, त्याहून अधिक नाही. कापलेले परत जोडता येत नाही. हे चांदीकाम करणाऱ्याला सांगावे लागले याचे काकांना मनापासून हसू आले. सातव्या कापाला आकडा एकास एक पूर्णांक दोनवर स्थिरावला.

पांडवांनी अज्ञातवासाला जाताना आपली शस्त्रे शमीवृक्षावर ठेवली आणि वर्षभराने उतरवली, ही कथा आपण दसऱ्याला मुलांना सांगतो. ती शस्त्रे त्या क्षणी गंजलेली निघाली असती तर काय झाले असते, हा विचार आमच्या मनात त्या अंगणात प्रथमच आला. पूर आल्यावर टपाला भोक पाडायला वेळ नसतो.

आणि एका टोकाची काठी पुरेशी नाही, दुसऱ्या टोकाला कोणी तरी ऐकणारे हवे. शिरोळकडच्या गावी आत्याच्या मुलानेही परीक्षा देऊन परवाना घेतला आहे. त्याची एरियल घराच्या माळवदावर, पुराची रेघ जेथवर आली होती त्याच्या पुष्कळ वर, एका लोखंडी नळावर उभी आहे. दोघे भाऊ आता दर रविवारी ठरल्या वेळी बोलतात. दसरा-दिवाळीच्या दरम्यान हुपरीशेजारी पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते, भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो आणि गर्दीत भ्रमणध्वनी लागेनासे होतात. त्या दिवसांतही या यंत्राचा सराव करून पाहायचा, असे त्यांनी ठरवले आहे.

दुसऱ्या दिवशी, खंडेनवमीच्या सकाळी, पाटावर ऐरण-हातोडी मांडून झाली. अंगणात जीप धुऊन उभी होती. आजींनी बॉनेटवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकांखाली लिंबे ठेवली आणि मोठी झेंडूची माळ घेऊन टपाकडे पाहिले. ती त्यांना नव्या काठीला घालायची होती. नातू घाईने पुढे आला. "आजी, ओली माळ काठीवर नको. माप बिघडतंय, बोलता यायचं न्हाई."

"देवाच्या सासनकाठीला माळ चालती, आणि हिला चालत न्हाई?"

थोडी घासाघीस झाली. बोलणे होईपर्यंत माळ आजींच्या हातातच राहील आणि यंत्र बंद केल्यावर काठीला घातली जाईल, असे ठरले. नातवाने कळ दाबून आपले संकेतनाव सांगितले, मग भावाचे. क्षणभर नुसती खरखर ऐकू आली. मग पलीकडून स्वच्छ उत्तर आले, आणि त्याच्या मागे कोठे तरी भांड्यांचा आवाज आणि एका बाईचे बोलणे.

"आत्या काय म्हनती?" आजींनी विचारले.

नातवाने तो प्रश्न पुढे पाठवला. पलीकडचा भाऊ हसला आणि म्हणाला, "आई म्हणते, उद्या सोनं द्यायला येतोय आम्ही. पुरणाला डाळ जास्त भिजवा."

आजींनी माळ काठीला घातली आणि त्या आत डाळ भिजवायला गेल्या.